बोट टेकलं होतं

झटका आला तेव्हा आईचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. समज राहिली. डॉक्टरांनी ही गोष्ट चांगली बातमी म्हणून सांगितली, आणि ठकीनेही ती तशीच ऐकून घेतली. पुढे घरी आल्यावर कळलं, की सगळं समजणाऱ्या माणसाला काहीच सांगता न येणं म्हणजे भरल्या घराला बाहेरून कडी लावण्यासारखं आहे.

ठकी मोबाइलची ऍप बनवणाऱ्या कंपनीत होती. ऑफिसात तिला चांगलं लांबलचक नाव होतं, घरी ती ठकीच. लोकांना पलंगावर लोळत चपला मागवता याव्यात म्हणून मी दिवसदिवस डोळे फोडते, मग माझ्या आईला पाणी मागता येऊ नये का, असं म्हणत तिने घरातला जुना टॅब्लेट काढला, पुसला आणि आईसाठी एक ऍप लिहायला घेतलं. ऍप म्हणजे काय, तर चौकोन. चौकोनावर शब्द, शब्दावर बोट टेकलं की आवाज.

आईचा डावा हात थरथरे. बोट एका जागी ठरत नसे. म्हणून चौकोन मोठे हवेत, आणि चौकोन मोठे म्हणून शब्द थोडे. बारा शब्दांत आईचा सगळा संसार बसवायचा होता. पाणी, दुखतंय, खिडकी, दिवा, हो, नको. देखभालीला येणाऱ्या बाईंसाठी 'मावशी', आणि 'ठकी'. आवाज मात्र परका नको होता. आईचे जुने निरोप ठकीच्या फोनमध्ये साठलेले होते. जेवलीस का, पोचलीस का, फोन का उचलत नाहीस. त्यातून तिने एकेक शब्द फुलाचा देठ खुडावा तसा हलकेच खुडला. 'गाडीत नीट बस, पोचलीस की कळव' यातून तिला 'बस' मिळाला.

हा 'बस' ठकीचा लाडका. घास पुरे झाला की बस, आणि पाहुणा आला की बस. एका चौकोनात दोन कामं. तिच्या धंद्यात हे कौतुकाचं मानतात. आणि आईने तो चालवलाही नामी. मावशींचा चमचा परतवायचा असला की बोट टेकून ती तोंड फिरवी, शेजारीण आली की बोट टेकून हनुवटीने खुर्ची दाखवी. अर्धा शब्द टॅब्लेट बोले, उरलेला अर्धा आईचा चेहरा. मावशी म्हणत, आजींचं हे यंत्र आमच्या सुनेपेक्षा बरं, विचारलं तेवढंच बोलतं.

असं सगळं बऱ्यापैकी रुळलं होतं, आणि मग दादाचा फोन आला.

दादा जहाजावर इंजिनात काम करायचा. बाबा गेले तेव्हा तो समुद्रात होता. पुढच्या बंदरावर उतरून येतो, असं त्याने कळवलं होतं, आणि आईने, बाबांच्या उशाशी बसून दमलेल्या, रडून कोरड्या झालेल्या आईने, फोनवर म्हटलं होतं, आता नको येऊस. रागाने म्हटलं, की मुलाची धावपळ वाचवायला म्हटलं, कुणाला ठाऊक. तिलाही ठाऊक नसेल. पण दादा आला नाही. या घराला शब्द धरून बसायची खोडच होती. ती म्हणाली नको येऊस, तो आला नाही. तो आला नाही म्हणून ती बोलली नाही. ती बोलत नाही म्हणून त्याने फोन करणं सोडलं. मध्ये ठकी. इकडचं मौन तिकडे आणि तिकडचं इकडे पोचवणारी.

आईच्या झटक्याचं कळल्यावर तो गप्प राहिला होता. आणि आता म्हणत होता, जहाज आपल्या बंदराला लागतंय, एक दुपार मोकळी मिळेल, मी येऊन जाऊ का. आईला विचार.

ठकीने विचारलं. आईने लगेच बोट टेकलं नाही. खिडकीकडे पाहत राहिली. मग 'हो'वर बोट ठेवलं ते उचलेचना.

त्या आठवड्यात ठकीला जुन्या फोनमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. आई कामं करताना गुणगुणायची, ते कधीतरी तिने चोरून टिपून ठेवलं होतं. चांगलं लांबच लांब, भांड्यांच्या आवाजासकट. दादा लहानपणी सारखा झाडावर असायचा म्हणून आई त्याला खारू म्हणे, आणि त्याच्यावर तिने एक ओवी रचली होती:

खारू माझा गेला
शेंड्यावर बाई
खाली उभी आई
झेलण्याला

ठकीने ऐकलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. हे दादाला ऐकू आलं पाहिजे, आणि आईच्या बोटाने आलं पाहिजे. तिने तेरावा चौकोन केला. त्यावर दादाचा झाडावरचा फोटो लावला, मागे ही ओवी सगळीच्या सगळी भरली. चौकोन दाबल्यावर गाणं शोधत बसायला नको, म्हणून पडदा उजळताच ते आधीच तयार राहील अशी सोय केली. स्वतःच्या फोनवर चालवून पाहिलं. झकास चाललं. दादा यायच्या दिवशी सकाळी तिने नवं ऍप टॅब्लेटवर चढवलं, आणि मावशींबरोबर आईचे केस विंचरायला बसली.

दुपारी घंटी वाजली. ठकीने टॅब्लेट उजळून आईच्या मांडीवर ठेवला आणि दार उघडलं. दादा जाडावला होता, कानशिलं पिकली होती. पिशवी छातीशी धरून तो एखाद्या कचेरीत आल्यासारखा दारात उभा. ठकीला वाटलं, पहिली नजर या दोघांचीच असू दे. मी पाणी आणते, असं म्हणून ती आत गेली. मावशी आधीच आत होत्या. दोघी ओट्याशी श्वास रोखून उभ्या राहिल्या, लग्नघरात पडद्यामागे पोरी उभ्या राहाव्यात तशा.

बाहेर काही वेळ काहीच नाही. मग दादाचा आवाज. तो अडखळत होता. बाबांच्या वेळचं काहीतरी सांगत होता. मी उतरायला हवं होतं, तू नको म्हणालीस तरी, असं काहीसं. आणि त्या वाक्याच्या मध्येच आईचा आवाज आला. झटक्याआधीचा, ठणठणीत.

"बस. बस. बस. बस. बस."

ठकीने हातातला पेला तसाच ओट्यावर ठेवला.

ती बाहेर आली तेव्हा दादाने पिशवी खांद्याला लावली होती. आई टॅब्लेटवर वाकलेली, चेहरा दिसत नव्हता. अरे, थांब, असं ठकी काहीतरी म्हणाली, पण तो हसला, आणि ते हसू बघवेना. राहू दे ठके, असं म्हणून तो वळला. तो उंबऱ्यात असताना टॅब्लेट पुन्हा एकदा बोलला, या खेपेला अगदी वेळेवर, क्षणाचाही उशीर न करता: "नको."

जिन्यावरून त्याची पावलं खाली गेली. ठकी मागे धावली, पण तोवर तो रस्त्यावर आला होता आणि पहिली दिसली ती गाडी त्याने थांबवली होती.

वर आल्यावर ती आईशी बोलली. आजवर कधी बोलली नव्हती तसं. आई मान हलवत होती, डावा हात टॅब्लेटवर आपटत होती, घशातून कसलासा आवाज काढत होती. ठकीला तो राग वाटला. एवढी वर्षं धरून ठेवलंस ते पुरलं नाही का, तो आपल्या पायांनी आला होता, असं म्हणताना तिचा स्वतःचाच आवाज फाटला. शेवटी तिने जे म्हटलं, ते तिला पुढे कधी गिळता आलं नाही.

"वाचा गेली तरी तुझी जीभ गेली नाही, आई."

मावशी मध्ये पडल्या. ताई, आत जा तुम्ही, म्हणाल्या. आईचा हात थांबला होता. तिने तो हळूच उचलून पांघरुणाखाली घेतला.

त्यानंतर टॅब्लेट गप्प झाला. पाणी हवं असलं तरी आई बोट टेकेना. मावशींनाच वेळ ओळखून पेला धरावा लागे. ठकी दोनचार दिवस घुश्शात होती. आईही रुसली असेल, रुसू दे, असं तिने मनाशी ठरवलं. मग एकदा मावशींनी टॅब्लेट तिच्या समोर आणून ठेवला. म्हणाल्या, आजी हात लावत नाहीत ते राहू द्या, पण मी सकाळी पुसताना सगळ्या चौकोनांवर फडकं फिरवलं, तर एकही बोलला नाही, म्हणून लगेच बंद करून ठेवला. बिघडलंय बहुतेक. कुठे दाखवून आणा.

ठकीने टॅब्लेट ऑफिसात नेला. शेजारच्या टेबलावर चष्मा बसायचा. त्याचं नाव सगळे विसरले होते, भिंगं तेवढी लक्षात होती. दुसऱ्याच्या चुका शोधण्यात त्याला पक्वान्नाचा आनंद. ठकीने त्याला सांगितलं, की बोट टेकलं तरी चौकोन ओ देत नाहीत. आधी त्यांनी काच तपासली. आई म्हातारी, बोट कोरडं, काचेला कळत नसेल, असं ठकीचं म्हणणं. चष्म्याने स्वतःचं बोट फुंकून सुकवून पाहिलं, काचेला कळत होतं. मग त्याला वाटलं, चौकोनांवर एखादा न दिसणारा थर राहिला असेल, तोच सगळे स्पर्श गिळत असेल. असं पुष्कळदा होतं, पारदर्शक काहीतरी मध्ये उभं असतं आणि खालच्याला वाटतं आपल्याला कुणी हाकच मारली नाही. तसा थरही नव्हता. तुझ्या फोनवर चालतंय ना, मग तुझ्या आईला तुझा फोन दे, झालं, असं म्हणून तो हसला. आमच्याकडे चालतंय हे म्हणणं म्हणजे त्यांच्या धंद्यातला जुना विनोद.

ठकीने टॅब्लेट बंद केला, पुन्हा उजळला आणि हाताला आला त्या चौकोनावर बोट टेकलं. काही नाही. चौकोनाचा रंगही बदलला नाही. पुन्हा टेकलं. काही नाही. ती पडद्यावर वाकली, जरा दाबून टेकलं, मग चिडून दोनदा. चष्मा काहीतरी बोलत होता, तेवढ्यात टॅब्लेटमधून आईचा आवाज उसळला.

"बस. बस. बस. बस. बस."

सगळ्या ऑफिसाने माना वळवल्या. कुणीतरी म्हणालं, बरोबर आहे, पुरे झालं आता, घरी जा. हशा पिकला. ठकी पडद्यावर वाकलेली तशीच राहिली.

चष्म्याच्या लगेच ध्यानात आलं, आणि तो खुशीत समजावू लागला. हे बघ, बोट टेकल्याची वर्दी दरवेळी आत पोचतेच आहे. पण आत कारकून एकच. पडदा उजळल्याबरोबर तू त्याच्या डोक्यावर हे भलंमोठं गाणं ठेवलंस. नवा फोन दांडगा, तो एका हाताने पेलतो. हे म्हातारं यंत्र कण्हत कण्हत ते उतरवून घेतंय, तोवर बाकीच्या वर्द्या दाराबाहेर रांगेत. हरवत एकही नाही. गाणं उतरलं, की सगळ्या एकदम आत. आणि एका शब्दावर दुसरा चढू नये म्हणून त्या एकामागून एक बोलायच्या, हेही तूच लिहिलंयस. म्हणजे आधी मुकं आणि मग बडबडं. सोपं आहे गं, जेवायच्या आत उरकेल.

ती ऐकत नव्हती. तिला ती खोली दिसत होती, जी तिने त्या दुपारी पाहिलीच नव्हती. दादा दारात. आईने त्याला पाहिलं, आणि त्याने तोंड उघडायच्या आधी बोट टेकलं. बस. ये, खारू, बस. यंत्र गप्प. तिने पुन्हा टेकलं. मुलगा उभाच, पिशवी छातीशी. तिने वाकून टेकलं, थरथरतं बोट चौकोनावर धरून ठेवायचं म्हणून नजरही खाली गेली. हनुवटी खुर्चीकडे गेली नाही, डोळे त्याच्याकडे गेले नाहीत. तो समजला, आई तोंड वर करत नाही. म्हणून तो बोलायला लागला. आणि त्याचं सर्वांत अवघड वाक्य अर्ध्यावर आलं, तेव्हा आत अडकलेल्या तिच्या सगळ्या हाका एकदम बाहेर आल्या. एकदा म्हटलं तर बैस, पाचदा म्हटलं तर पुरे. आपल्या भाषेत या दोहोंमध्ये एवढंच अंतर. तो निघाला तेव्हा ती जीव तोडून म्हणाली, नको. जाऊ नको. तेवढ्यापुरता मात्र कारकून मोकळा होता.

काम खरंच जेवायच्या आत उरकलं. चौकोन दाबल्याशिवाय गाण्याला हात लावायचा नाही. बोट टेकल्याबरोबर चौकोनाने रंग बदलायचा, म्हणजे टेकणाऱ्याला कळेल. एका पाठोपाठ तेच दाबलं तर एकदाच धरायचं. आणि 'बस' मोडून दोन चौकोन, 'पुरे' आणि 'बैस'. 'पुरे' आईच्या निरोपांत भरपूर होतं. 'बैस' कुठेच नव्हतं. आई आयुष्यात कधी बैस म्हणालीच नव्हती. तिला नवा शब्द द्यायला आता तिचा आवाज उरला नव्हता, हे ठकीला त्या दिवशी नीट कळलं. तिने तिथे पुन्हा तोच 'बस' भरला.

दादाचं जहाज सुटलं होतं. फोन लागायला पुष्कळ खटपट पडली. ठकीने सगळं सांगितलं. इंजिनाच्या माणसाला समजावं म्हणून अडकलेल्या नळीचं उदाहरण दिलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, माझी समजूत घालू नकोस ठके. तिने काय म्हटलं ते मी ऐकलंय.

"तू यंत्राचं ऐकलंस, दादा. ती एकदाच म्हणत होती. तू बसला नाहीस म्हणून पुन्हा म्हणाली."

मागे इंजिनाची घरघर येत राहिली. तो बोलला तेव्हा आवाज बारीक झाला होता.

"आणि मी उभाच राहिलो."

सहा महिन्यांच्या आत त्याला उतरता येणार नव्हतं. रविवारी दुपारी फोन करतो, असं म्हणाला.

आईला सांगणं त्याहून कठीण. ठकीने पलंगाशी बसून सगळं सांगितलं. चूक तुझी नव्हती, बोटाची नव्हती, माझी होती. मी त्याच्यासाठी गाणं घातलं, त्याच गाण्याने वाट अडवली. आणि मी तुला बोलले ते. तिथे ती थांबली. आईने डाव्या हाताने तिचा गाल पुसला. माफ केलं होतं, त्यात काही शंका नव्हती. पण ठकीने टॅब्लेट पुढे धरला, चौकोन कसा लगेच रंग बदलतो ते दाखवलं, पाणी म्हटलं की लगेच पाणी, बघ ना, तेव्हा आईने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं घरातली गोष्ट चारचौघांत फोडणाऱ्या माणसाकडे पाहावं. हात पांघरुणाखाली गेला.

रविवारी फोन आला. ठकीने तो मोठ्या आवाजावर ठेवून उशीवर टेकवला. मावशी आपण होऊन बाहेर गेल्या. दादा म्हणाला, आई. मग म्हणाला, मला ठकीने सांगितलं. मला आधी कळायला हवं होतं, तुझ्या हातचं खाल्लेला मी. तो थांबला. त्या थांबण्यात काय मागितलेलं होतं, ते खोलीत दोघींनाही कळत होतं. त्याला एक शब्द हवा होता, तिच्या आवाजातला, कुठलाही.

आईचे डोळे वाहत होते. हात बाहेर आला नाही.

"आई काही म्हणतेय का गं?" दादाने विचारलं.

टॅब्लेट ठकीच्या मांडीवर उजळलेला होता. तिच्या मनात आलं, आणि मनात आल्याबरोबर बोट 'बैस'वर गेलंही. नुसतं टेकायचं. आवाज आईचाच. समुद्रात त्याला काय दिसणार, बोट कुणाचं ते. तो रडेल, हलका होईल, सहा महिने त्यावर काढील. आणि आईच्या मनातलं तरी वेगळं कुठे होतं.

तेवढ्यात पांघरूण हललं. आईचा हात बाहेर आला, थरथरत, चाचपडत. ठकीने घाईने टॅब्लेट तिच्याकडे सरकवला. आईने चौकोनांकडे पाहिलंच नाही. तिने ठकीचं बोट मुठीत धरलं, काचेवरून उचललं आणि बाजूला ठेवलं. रागाने नव्हे. लहान मुलाचा हात विस्तवापासून दूर करावा, तसं. मग त्याच हाताने तिने उशीवरचा फोन ओढला. तो घसरला, पुन्हा धरला, आणि कसाबसा कानाशी नेला.

ठकी फोनकडे वाकून म्हणाली, "काही म्हणत नाहीये, दादा. ऐकतेय. तू बोल."

तो बोलू लागला. आधी चाचरत, मग सुटत गेला. इंजिनापाशी केवढं उकडतं, जेवण रांधणारा भांडारी कसा चोर आहे, डोळ्यांना आता जवळचं दिसत नाही, परवा रात्रपाळीला डुलकी लागली तर वरिष्ठाने कसं झापलं. एवढ्या वर्षांचं साचलेलं, बिनमहत्त्वाचं, घरी आल्यावर सांगतात तसलं. आई ऐकत होती. मध्येच ती हसली, अर्ध्याच तोंडाने, त्याला दिसणार नव्हतं ते. मग एका वाक्याच्या मध्येच घरघर वाढली, शब्द तुटायला लागले, आणि फोन बंद पडला.

ठकी फोन घ्यायला पुढे झाली. आईने तो कानावरून काढला नाही. हात दमला होता, कोपरातून कापत होता, तरी तिने तो तसाच धरून ठेवला. ठकीने मग फोन मागितला नाही. तिने आपला तळवा आईच्या कोपराखाली धरला.